दाजींच्या नावेतली तीन झाकणं

अक्कानं अट घातली तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. अट अशी, की दाजींनी नावेतली तिन्ही झाकणं कुणाचा हात न लागता एकट्यानं उघडून दाखवायची, तरच ती त्यांना पुन्हा पाण्यावर जाऊ देणार. नाही जमलं तर नाव त्यांच्या चुलतभावाला देऊन टाकायची आणि विषय बंद. झाकणं मीच बनवणार होतो. म्हटलं, अक्का, तू हरलीस म्हणून समज.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उजनी धरणाच्या पाण्याकाठी, करमाळ्याकडे त्यांचं गाव. या काठची माणसं त्या काठाला सोडायची, थंडीत पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं, असा त्यांचा जन्म गेला. मग उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात लोंबतच राहिला. जेवण, शर्टाची बटणं, मोटारसायकलची किल्ली फिरवून नुसता आवाज ऐकणं, सगळं ते डाव्या हातानं शिकले. नावेचं मशीनसुद्धा डाव्या हातानं सुरू करून दाखवायचे. अडचण एवढीच, की दोर, पाना, पाणी उपसायचा डबा हे सगळं नावेत पायाशी लोळत असायचं आणि ते वाकून शोधणं त्यांना होत नव्हतं.

"तू सोलापुरात लोकांच्या किचनला कप्पं करतूस की," मला म्हणाले. "माज्या नावंला कर. डाव्या हाताचं."

मी केले. उन्हाळ्यात पंधरा दिवस दुकान बंद ठेवून गेलो. नाव वर्षभर बाभळीखाली वाळत पडली होती, फळ्यांच्या फटीतून पलीकडचं दिसायचं. फटींत सूत-डांबर भरायचं काम गावातल्या एका म्हाताऱ्या नावाड्यानं केलं. आतलं काम माझं. दाजींना अंगणात स्टुलावर बसवलं, डावा हात कुठवर पोचतो ते खडूनं आखून घेतलं आणि त्या मापात तीन कप्पे बसवले. पुढचा दोराचा, मागचा हत्यारांचा, आणि मधला नावेच्या तळावर उघडणारा, तिथून साठलेलं पाणी उपसायचं. प्रत्येकाला वरून सपाट झाकण आणि एका बोटाची पितळी कडी. स्वतःचा उजवा हात टॉवेलनं कमरेला बांधून मी तिन्ही झाकणं वीस-वीस वेळा उघडली. अलगद निघत होती.

आणि फट? केसाएवढीही नाही. गेली पंधरा वर्षं मी सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात किचन करतोय. तिथल्या वहिनी म्हणतात, भाऊ, झुरळाची मिशीसुद्धा आत जाता कामा नये. माझा हात तसाच झालाय. पण तिथं सगळा प्लाय आणि लॅमिनेट, ते जागचं हलत नाही. इथं दाजींच्या हट्टानं अस्सल लाकूड होतं, तेही मे महिन्यात खडखडीत वाळलेलं. गावातली माणसं येऊन झाकणावर हात फिरवायची आणि मी आपला फुगलेलो.

नाव पाण्यात घालायच्या आधी काठाशी बुडवून ठेवतात. दोन दिवस पाणी प्यायलं की फळ्या फुगतात आणि उरल्यासुरल्या फटी आपोआप बुजतात. त्या म्हाताऱ्यानं आमचीही नाव तशी बुडवली, झाकणं लावलेलीच. मी काठावर बसून कौतुकानं बघत होतो, चहा पीत. लाकूड पाण्यात फुगतं हे मला दिसत होतं हो. आपलीही झाकणं लाकडाचीच आहेत, एवढं डोक्यात आलं नाही. या मूर्खपणाला मी आजही शिव्या घालतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाव उपसून तरंगवली. अक्का काठावरच्या दगडावर बसली. दाजी न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी नावेत त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी मधल्या कडीत बोट घातलं आणि ओढलं.

झाकण हललं नाही.

मी खाली बघितलं. कडेची रेघच गायब होती, झाकण आणि चौकट एक झाली होती. "दाजी, थांबा," मी म्हणालो, "लाकूड फुगलंय. माझी चूक आहे." ते थांबेनात. पुन्हा ओढलं. पुढचं ओढून बघितलं, मागचं ओढून बघितलं. मनगटाच्या शिरा वर आल्या, बोट कडीत कापलं. मग त्यांनी हात समोर धरला आणि बघत राहिले.

"ह्यो बी गेला व्हय रं?" मला विचारलं.

"नाही हो दाजी, हात चांगलाय. हे कुणालाच उघडणार नाही," मी म्हणालो. आणि ते सिद्ध करायला, अंगात सगळा राग आणून, पाय रोवून दोन्ही हातांनी मी कडी ओढली.

ते उघडलं.

त्यापुढं मी काय बोललो, किती बोललो, काही उपयोग झाला नाही. दाजी मान हलवत होते, लहान पोरानं घातलेली समजूत ऐकून घ्यावी तसे. अक्का उठून उभी राहिली होती. ती जिंकली होती, पण तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. दाजींनी तिला हाक मारली आणि उतरायला हात मागितला. चढताना त्यांनी कुणाचा हात घेतला नव्हता.

त्याच दुपारी मी रंधा मारून तिन्ही झाकणं चांगली दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, कमी केली. संध्याकाळी त्यांना अक्षरशः ओढत आणलं. त्यांनी काठावरूनच हात घालून एका बोटानं झाकण उचललं आणि परत ठेवलं.

"ढिल्लं केलंस की माज्यासाटी," म्हणाले. आवाजात राग नव्हता. केलं होतंच ना ढिल्लं.

नाव आता चुलतभाऊ चालवतो. कप्पे लई कामाचे आहेत म्हणतो. अक्काचा फोन येतो, तिला मी दर वेळी विचारतो, दाजी कसे आहेत. परवा ती म्हणाली, "बरं हाईत. पर त्या दिसापासनं शर्टाची बटनं मलाच लावाय लावत्यात."