एचने भागायचं, मग तोच शून्य

इंटर सायन्सच्या परीक्षेआधी गणिताच्या सरांनी कॅल्क्युलसची उजळणी घेतली. उजळणी म्हणजे त्यांनी फळ्यावर लिहायचं आणि आम्ही घोकायचं. एक्समध्ये एच मिळवा, वजाबाकी करा, एचने भागा, शेवटी एच शून्य धरा, आलं डेरिव्हेटिव्ह.

वसतिगृहातला माझा खोलीसोबती सातपुड्यातल्या धडगावकडचा, घरी पावरी बोलणारा. वर्गात तो कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी मात्र उभा राहिला.

"सर, शेवटी एच शून्यच करायचा, तर आधी त्याने भागलं कसं?"

सर म्हणाले, "तुमच्या डोंगरात भागाकार पोचला का?"

वर्ग हसला. माझं डोकं फिरलं. हाच प्रश्न मलाही वर्षभर छळत होता, आणि माझ्या तापीकाठच्या गावाला डोंगर नव्हता. मी उठून म्हणालो की मलाही हे कळलेलं नाही, उत्तर द्या. सरांनी दोघांनाही बाहेर काढलं आणि उजळणीला पुन्हा यायचं नाही म्हणून बजावलं.

वाचनाच्या सुट्टीत मी त्याला आमच्या गावी घेऊन गेलो. केळीच्या मळ्यात, इंजिनाच्या खोलीच्या सावलीत आम्ही पुस्तक उघडून बसलो. तिथे मी त्याच्यावरही चिडलो. मला सूत्रं पाठ करून मोकळं व्हायचं होतं, आणि हा पहिल्याच पानावरून हलेना. लिमिटची व्याख्या इंग्रजीत, आम्हा दोघांचंही इंग्रजी कच्चं. एकदा मी पुस्तक मातीत आपटलं. त्याने ते उचलून झटकलं आणि तेच पान पुन्हा काढलं.

मग त्याने एक्सवर्गाचं उदाहरण घेऊन एचला लहान लहान किमती दिल्या आणि उत्तरं मांडली. ती दोन एक्सच्या अधिकाधिक जवळ सरकत होती. एच शून्य होतच नव्हता. शून्याच्या हवं तितकं जवळ जात होता, म्हणून भागायला हरकत नव्हती. एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यांत झालं असतं. ते कळल्यावर मला आनंद झाला नाही, संतापच आला.

पेपरात नेमकं तेच कारणासह मांडायला सांगितलं होतं. आम्ही दोघंही चांगल्या गुणांनी पास झालो. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात सर भेटले. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, बोललो म्हणून अभ्यास केलास."

तो म्हणाला, "हो सर."

फाटकाबाहेर मी त्याला धरलं. हो का म्हणालास, त्यांनी काय शिकवलं तुला, असं मी ओरडूनच विचारलं. तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "पुढला साले बी आपले तेच शिकाडणार शेतस."

ते खरंच होतं, पुढच्या वर्षीही आम्हाला शिकवायला हेच सर होते. पण त्यानंतर मी त्या सरांना कधी नमस्कार केला नाही.