बुरुलचाचा पट्टा

बुरुलचा ही आमच्या डोंगरातल्या गावची, एकटी राहणारी बाई; तिचा भाऊ दूर परदेशी, कझान शहरात कामाला आहे. थंडी सुरू होताना त्याने बहिणीला मनगटावर बांधायचा पट्टा पाठवला. फिट येऊन हात झटके देऊ लागला की पट्टा थरथरतो. वीस सेकंदांत बटण दाबलं नाही, तर फोन लागतो. कोणाला? भाऊ तीन दिवसांच्या वाटेवर, तो काय येणार! म्हणून नंबर माझा, गावच्या दवाखान्यातल्या नर्सचा. मी एकदा हो म्हटलं आणि भर बर्फात चढ चढायची शिक्षा ओढवून घेतली.

तिचं घर गावाच्या वरच्या टोकाला, अगदी शेवटचं. पंधराव्या वर्षी तिला पहिली फिट आली ती एका लग्नात, उकळत्या कढईपाशी. तेव्हापासून कढईजवळ कोणी तिला उभं केलं नाही, मग लग्नाचं आवतणही येईनासं झालं. तिचं स्वतःचं लग्न झालं नाही, हे वेगळं सांगायला नको. ती नमदे बनवते, लोकर भिजवून दाबून केलेले जाड गालिचे. खरं तर नमदा चार बायकांचं काम. कोणी लोकर झोडायची, कोणी पाणी शिंपडायचं, सगळ्यांनी मिळून गुंडाळी पायांनी ढकलायची आणि गावाची उणीदुणी काढायची. आई गेल्यापासून हिचे नमदे लहान झाले. एकटीच्या पायांना तेवढेच जमतात.

पहिला फोन आला तेव्हा मी धापा टाकत पोचले, तर बाई दोन काठ्यांनी लोकर झोडत बसलेली.

"अगं, फिट कुठाय?"

"हात हलतो ना, एजे. याला वाटलं फिट."

एजे म्हणजे थोरली बहीण, ती मला तसंच म्हणते. दोघी हसलो. चहा तयार होता, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर नान मांडलेला होता. नानचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय आमच्याकडे कोणाच्या घरातून निघता येत नाही. एका तुकड्याला अर्धा तास लागला.

मग आठवड्याला एक फोन, पुढे दोन, तीन.

"बटण दाबायला काय होतं गं तुला?"

"झोडताना थरथर कळतच नाही हो. बरं, जाइनाचा नवरा टकला आहे म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. मंगळवारी."

मार्चमध्ये एक बाई तान्ह्या बाळाला लस टोचून घ्यायला खिंड ओलांडून आली होती. तेवढ्यात फोन वाजला. मी सुई ठेवून धावले. बुरुलचा ठणठणीत! माझं डोकंच फिरलं. रागाने लोकरीत हात घातला तर मुठीत नुसता भुसा आला. मीही याच गावची लेक आहे. एवढी लोकर दोन दिवसांत झोडून होते. हा मी जानेवारीत पाहिलेलाच करडा ढीग होता.

"कितीदा झोडलीस ही?"

तिने काठ्या खाली ठेवल्या.

"आपल्याकडे लांडगे खरेच येतात, बुरुलचा. उगाच लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्याचं काय होतं, ठाऊक आहे ना? पुढच्या वेळी मी येणार नाही."

तिने दोन्ही हातांनी नान पुढे केला. "तुकडा तरी, एजे."

मी शिवलेही नाही. भांडायला आलेला माणूससुद्धा नान चाखून जातो, आणि मी तशीच बाहेर पडले. खाली आले तर बाळाची आई निघून गेली होती.

त्यानंतर फोन गप्प झाला. पहिले चार दिवस मला बरं वाटलं. मग इंजेक्शन भरता भरता फोनकडे लक्ष जाऊ लागलं. माझी मुलं राजधानीत, बिश्केकला असतात. रविवारी फोन करतात, म्हणजे आठवण राहिली तर. बाराव्या दिवशी राहवेना. जायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून घरची लोकर पोत्यात भरली आणि चढ चढले.

तिने दार उघडलं. अर्धा चेहरा काळानिळा, उजव्या हाताला फडकं. फिट येऊन ती शेगडीवर पडली होती. पट्टा खिळ्याला टांगलेला.

"कधी झालं?"

"परवा."

"पट्टा का काढलास?"

"घातला की बटण दाबवत नाही, एजे. मग तुम्हाला त्रास."

"आणि खरीच फिट आली तर?"

"तुम्ही येणार नव्हता ना."

हे तिने, आज वारा आहे, असं सांगावं तसं सांगितलं. मी तिच्या हातावरचं फडकं सोडलं आणि नीट पट्टी बांधायला घेतली. मला माझीच लाज वाटली.

पट्टी बांधून झाल्यावर मी नान तोडून खाल्ला. शिळा होता. पट्टा तिच्या डाव्या मनगटावर बांधला. तो भुसा बाहेर फेकला, माझी लोकर पसरली आणि दोन काठ्या घेऊन बसले. तिने डाव्या हातात एक घेतली. बऱ्याच वेळाने पट्टा थरथरला. काठ्या थांबल्या. मी मनात आकडे मोजू लागले. तिने पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टीतून बाहेर आलेल्या बोटाने बटण दाबलं.

"आलेल्या माणसाला कशाला बोलवायचं?" ती म्हणाली.

आता पट्टा तिच्या हातावर असतो आणि दर गुरुवारी मी जाते. बाकीचे सहा दिवस तिचे तिलाच काढावे लागतात, आणि माझे मला.