विहिरीवरच्या खाचा

"कविता वाच. जात वाचू नकोस."

सर म्हणाले आणि दहावीचा अख्खा वर्ग हसला. मी उभाच होतो.

कवितेत गावातली जुनी विहीर होती. दोराने घासून काठाच्या दगडाला खाचा पडलेल्या. कवीला त्यांत पिढ्यांची माया दिसली होती. सरांनी अर्थ विचारला, तेव्हा मी आईचा अर्थ सांगितला.

आईला वाचता येत नसे. भाईंदरला गोडदेव वस्तीतल्या आमच्या खोलीत मी मोठ्याने वाचायचो, ती तांदूळ निवडत ऐकायची. ही कविता ऐकून म्हणाली होती, "त्या खाचा आपल्या न्हाईत, बाबा. आपल्याला दोर कुठं धरू दिला? त्यांनी वरून वतायचं, आपण खाली वंजळ धरायची."

वर्ग हसला त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात वाचलं. आज आवाज का नाही, तिने विचारलं.

"तुला कविता कळत नाही, आई."

वर्गात माझं जे झालं, ते मी घरी येऊन तिचं केलं. ती तांदूळ निवडत राहिली. पुन्हा कधी वाच म्हणाली नाही.

मी गाइडमधला अर्थ पाठ केला. पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढे मराठीचाच शिक्षक झालो. भाईंदर पूर्वेच्या शाळेत वीस वर्षं तेच रसग्रहण मुलांना उतरवून देतोय. मधे आई गेली. तिची माफी मागायची राहिली.

गेल्या रविवारी जवळच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या काव्यवाचनात तीच कविता आली. तुम्ही शिक्षक, तुम्हीच उलगडून सांगा, असं संयोजक बाई म्हणाल्या. पिढ्यांची माया ओठांवर तयार होती. ती गिळली. आईचं वाक्य बोललो, तिच्याच बोलीत.

इथे कुणी हसलं नाही. शिकलेली माणसं. बाई हळूच म्हणाल्या, "सर, इतकी सुंदर कविता. इथेही तेच का आणता?"

"मी आणलं नाही. विहिरीवरच होतं."

चहाच्या वेळी माझ्याजवळ कुणी आलं नाही. चालत घरी आलो. तिथे काय बोललो, ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

उद्या दहावीला हीच कविता आहे. मोठ्याने वाचणार. मग एवढंच विचारणार, दोर कुणाच्या हातात होता? जो जे सांगेल ते फळ्यावर लिहीन. कुणाला हसू देणार नाही. परीक्षेपुरता गाइडमधला अर्थही सांगेन. पण तो दोर धरणाऱ्यांचा अर्थ आहे, हे त्याच दमात सांगेन.