उकळलेल्या रोशाची ऊब

लमाण तांड्यावरच्या एका म्हातारीनं माझी भाकर वाचवली. आम्ही सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचो. हे आधी लिहून ठेवतो, बाकीचं नंतर.

केळापूरकडच्या रानात रोशा गवताची भट्टी होती. फुलावर आलेलं गवत हंड्यात कोंबून उकळायचं, वाफेबरोबर तेल निघायचं. अत्तरवाले ते नेत. दुखऱ्या सांध्यांवर चोळायलाही लोक घेत. मी कोकणातला, सहावीत शाळा सोडलेला. गवत कापायला इतक्या लांब आलेलो. पहिल्याच आठवड्यात कंबर अशी धरली की वाकलो तर उठता येईना.

"उद्या विळा नाही धरला, तं आपला रस्ता धर बे," मुकादम म्हणाला.

हाकललं तर घरी काय तोंड दाखवणार?

याडी भट्टीला जाळ घालायची. दुपारी तिनं उकळून झालेलं गवत बाहेर ओढलं, सोसवेल इतकं निवू दिलं आणि म्हणाली, "छोरा, बस याच्यात."

बसलो. ओली ऊब कंबरेभोवती, आणि गुलाबासारखा तो उग्र वास थेट छातीत. आवळलेलं अंग हळूहळू सुटायला लागलं. तेवढ्यात मुकादम हुंगत आला.

"उठ बे! अंगाले तेल चोळलं काय? चोरलं?"

"काहून बोंबलून राह्यला?" याडी म्हणाली. "वासावरून चोर धरतं काय? मंग पह्यले तुह्यं धोतर बांधून ठेव, त्यालेबी तोच वास येऊन राह्यला!"

कापणारे खदखदून हसले. मुकादम आणखीच तापला. मी बसल्या जागेवरूनच बोललो, "तेलाचा डबा बघा. कमी भरला तर हाकला मला. नाहीतर मी उठत नाही."

त्यानं डबा उघडला. होता तसा भरलेला. पुटपुटत निघून गेला. मी ऊब संपेपर्यंत हललो नाही, आणि दुसऱ्या दिवशी विळा धरला. हळू कापलं, पण कापलं.

शिकलेले सांगतात, गुण उबेचा, वासाचा नव्हे. असेल. त्यांनी मोडक्या कंबरेनं एकदा त्यात बसावं, मग मला शिकवावं.

आता मी राजूरला खाणीवर आहे. याडी अजून जाळ घालते म्हणे. एका हंगामाला रजा काढून जाणारच आहे. जाळ मी घालीन, गवत मी ओढीन. तिनं नुसतं ऊब घेत बसायचं. तिला उठवायला कोणी आलाच, तर गाठ माझ्याशी आहे.