हातोडी न बाळगणारे आतोबा

भिंतीला चिकटलेली वस्तू भिंतीला न दुखवता सोडवणारा माणूस अलिबागपासून दिघीपर्यंत एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे, हे मी कुठेही छाती पुढे काढून सांगतो. आतोबा चौथी शिकलेले. आधी जाळी विणायचे, मग कारखान्यात नळजोडणी केली, आता दिवेआगरच्या होमस्टेवाल्यांचे आरसे आणि साबणदाण्या उतरवतात. पिशवीत हातोडी नाही. "हातोडी म्हंजे घाई," म्हणतात. बाथरूममध्ये शिरताना देवळात शिरल्यासारख्या चपला बाहेर काढतात, टाइलवर टकटक करून कान लावतात आणि डॉक्टरच्या थाटात सांगतात, "ठणठणीत हाय." काम होईस्तोवर चहा घेत नाहीत, एका बाईंनी तीनदा आणलेला तीनदा परत पाठवला आणि काम संपल्यावर चौथ्यासकट चारही कप ओळीने प्यायले.

यंदा गरज मला पडली. बाबांचे गुडघे गेलेत. बाथरूममध्ये उठताना ते भिंतीकडे झुकतात, आणि नेमकं तिथेच मी काचेचं शेल्फ चिकटवलेलं, सूचना वाचून, सिलिकॉनची अख्खी नळी संपवून. दोनदा बाबांचं कपाळ फुटलं. मिस्त्री म्हणाला, शेल्फ काढलं तर टाइल्स फुटणारच. पण घरातलं हे पहिलं बाथरूम, मला नोकरी लागली तेव्हाचं. टाइल्स बाबांनी आणि आतोबांनी मिळून बसवलेल्या. वादळात पत्रे उडाले तरी ती भिंत राहिली. तसल्या टाइल्स आता मिळत नाहीत. बाबा एवढंच म्हणाले, "मी परसात आंघोळ करीन. फोडू नको."

आतोबांनी शेल्फ न्याहाळलं. "ग्रॅज्युएट, सिलिकॉन लावलंस का नवऱ्याला हळद?"

"नळीवर तसं लिहिलं होतं, आतोबा."

"लिवलेलं वाचलंस. भिंतीला इचारलंस?"

त्यांनी खाली गोधडी अंथरली, कडेने ब्लेड फिरवलं, माझ्या बायकोचा हेअर ड्रायर मागून सिलिकॉन हळूहळू ऊन केलं. मग तंगूस काढला, गळाला लावायचा नायलॉनचा दोरा. तो शेल्फमागे सरकवून एक टोक माझ्या हातात दिलं. बाबा स्टुलावर बसून शेल्फ खालून धरून होते.

"वढ. सोड. वढ. झोपलास काय?"

अर्ध्या तासाने शेल्फ अलगद बाबांच्या हातात आलं. टाइलचा टवकाही उडाला नाही. नुसते सिलिकॉनचे पापुद्रे राहिले होते.

"प्लास्टिकचं कार्ड दे. लोखंड नको."

कपाटात हाताला लागलं ते माझं कॉलेजचं ओळखपत्र. आतोबांनी त्यावरचा फोटो बराच वेळ पाहिला, सदऱ्याला पुसला आणि परत दिला. "ह्ये न्हाय. आपल्या घरात असलं येकच हाय." मग पाकिटातून स्वतःचा कारखान्याचा जुना पास काढून खरवडायला लागले. घासताघासता त्यावरचा फोटो पुसत गेला. "बघ, मिशा गेल्या!" म्हणून स्वतःच हसले.

आता बाबा त्या टाइल्सवर तळवा टेकून उठतात. आतोबा विसरून गेलेला पास मी ओळखपत्राशेजारी ठेवलाय. परत न्यायला सांगितला तर म्हणाले, "काय करू? तिथं आता कोण वळखतंय मला?" नाव अजून वाचता येतं. मिशा तेवढ्या गेल्या.