हरेलीच्या दिवशी राहिलेले दोन बोल्ट

तुमसर सोडलं त्या सकाळी मी घाबरलो होतो. ते कोणाला दिसू नये म्हणून मी मोटारसायकलवर बसून उगीचच रेस देत होतो. दोन-स्ट्रोक इंजिन, लाल टाकी, पुढं वाकलेलं हँडल. गावात अशी स्पोर्ट मोटारसायकल दोघांकडेच होती, आणि दुसरा माझ्याहून बरी चालवायचा. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात नोकरी लागली होती. मी रेल्वेनं जाऊ शकलो असतो, गाडी मागून आणता आली असती. पण तेविसाव्या वर्षी माणसाला नुसतं पोहोचायचं नसतं, एंट्री मारायची असते.

बाबांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नाही. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, अंगठ्यानं टायर दाबून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "पोचला का लगेच फोन कर बरं. बूथवाल्याले सांगून ठेवलं हाये." आईनं कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा हातात देत बजावलं, "ट्रकच्या मागं मागं नको राहू." एवढ्यात रेस देऊन देऊन गाडीच बंद पडली. दादा, तेव्हा किक तू मारून दिलीस. तू ते आजवर कोणाला सांगितलं नाहीस, म्हणून मीच सांगून टाकतो.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात खोली मिळाली, मग त्याच गल्लीत छोटं घर झालं. लग्न झालं, कुंदा आली, तन्वी झाली. गाडी आधी रोज चालली, मग रविवारी, मग जिन्याखाली जाऊन बसली. दहा-बारा वर्षं तिच्यावर कांद्याचं पोतं होतं. पुण्याला, सुरतेला गेलेल्या आपल्या भावंडांनी तिकडं मराठी मंडळं काढली. मी इथं राहून 'हो'ला छत्तीसगढीत "हव" म्हणायला शिकलो आणि पोट वाढवलं. पोरीला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते.

पन्नाशी दिसायला लागली तसं मी कांद्याचं पोतं उचललं आणि गाडी खोलली. कोणाची परवानगी घेतली नाही, कारण मिळाली नसती. टाकीत गंज होता, म्हणून आत चिंचेचं पाणी आणि मूठभर जुने नट टाकून ती आठवडाभर हलवली. शेजारच्या साहू काकींना वाटलं घरात कीर्तन चालू आहे. पिस्टन जेवणाच्या टेबलावर, कार्बोरेटर कुंदाच्या परातीत. "पुरणाची परात हाये ते," ती म्हणाली. मी म्हटलं, धुऊन देतो. त्या परातीत पुन्हा पुरण झालं नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी आनंदानं नाही, भीतीनं मागं सरलो. ते सुरू होईल असं मला वाटलंच नव्हतं. मग अंगात आलं. पुढं वाकलेलं हँडल माझ्या पोटाशी जमेना, ते काढून उंच बसवलं. जुना ड्रम ब्रेक काढून दुसऱ्या गाडीचे फोर्क, चाक आणि डिस्क ब्रेक लावायचा ठरवला. त्या डिस्कला धरणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, दोन बोल्टांवर असतो. पुढचा सगळा ब्रेक त्या दोन बोल्टांवर. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

कॅलिपर बसवायला घेतला तो दिवस हरेलीचा होता. आपल्याकडे त्या अमावास्येला जिवती असते, आई भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवून लेकरांसाठी हात जोडायची. इथं त्याच दिवशी शेतकरी नांगर-कुदळी धुऊन पूजतात आणि दिवसभर अवजाराला हात लावत नाहीत. कुंदा दोन्ही करते; भिंतीवर जिवती, अंगणात हरेली. आमच्याकडे नांगर कुठला? साहू काकींनी तोडगा काढला, "भैया के पाना-पेचकस तो हैं न!" मी दोन्ही बोल्ट बोटांनी फिरवून बसवले आणि पाना घ्यायला मागं वळलो, तर पाना नाही. माझी अख्खी पेटी अंगणात पाटावर होती, धुतलेली, कुंकू लावलेली, समोर चीला, म्हणजे गुळाचं धिरडं.

"एकच मिनिट दे," मी म्हटलं.

"आज नाही. उद्या करजा. देवाले नमस्कार करा अन् बसा गप."

बसलो. नुसता बसलो असतो तरी चाललं असतं. पण गाडी चमकत होती, कुंदानं तिलाही हार घातला होता. मी फोटो काढला आणि आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, 'डिस्क ब्रेक ओके, गाडी तयार.' दादा, तू अंगठा पाठवलास. सुरतेहून फुलं आली. एवढं कौतुक झाल्यावर दोन बोल्ट कोणाच्या लक्षात राहतात?

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी कंपनीच्या बसनं पहिल्या शिफ्टला सिलतऱ्याला गेलो. साडेनऊला कुंदाचा फोन आला. आवाज खुशीत. "अहो, पोरीची स्कूटर सुरू होऊन नाही राहिली. तुमची गाडी घेऊन गेली हाफिसात. मस्त दिसून राहिली होती!"

तन्वीचं ऑफिस नवा रायपूरला आहे. तेलीबांधा तलावापुढं तो रस्ता असा रुंद आणि सरळ की मुंगीनंही ऐंशीनं जावं. रात्रभर पाऊस झालेला. मला तो पाटावरचा कुंकू लावलेला पाना दिसला आणि हातातला चहा हातातच राहिला.

फोन लावला. उचलला नाही. परत लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे तिला मीच शिकवलं होतं, दहावीत असल्यापासून, रोज, भाषण देऊन. माझं तिनं ऐकलेलं हे एकच. कुंदाला काही सांगितलं नाही. सुपरवायझरला काय सांगितलं ते आठवत नाही. तो म्हणतो, मी फक्त "बोल्ट, बोल्ट" म्हणत होतो. त्यानं स्वतःची स्कूटर दिली.

सिलतऱ्याहून तेलीबांधा तसं फार लांब नाही. त्या दिवशी होतं. बोटानं बसवलेला बोल्ट किती खड्डे टिकतो, याचा हिशोब मी करत होतो आणि आमच्या गल्लीतच सात खड्डे आहेत. एक बोल्ट निसटला तर कॅलिपर दुसऱ्यावर फिरतो. फिरला तर चाकात अडकतो. चाक जागच्या जागी थांबतं, माणूस थांबत नाही. एका चौकात गर्दी दिसली. मी स्कूटर तशीच टाकून माणसं ढकलत आत घुसलो. रस्त्यात एक गाय बसली होती, तिला उठवणं चालू होतं. "अंधा हे का गा?" कोणीतरी ओरडलं. मला त्या गाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

तिथं उभा असताना बाबा आठवले. रायपूरला पोहोचल्यावर मी फोन तिसऱ्या दिवशी केला होता. नवी खोली, नवे मित्र, विसरलो. दादा, पुढं कधीतरी तू सांगितलंस की ते तिन्ही दिवस बूथच्या बाकावर बसून होते, जेवायलाही तूच ओढून आणायचास. मी तेव्हा हसलो होतो. "बाबा पण ना," असं काहीतरी म्हणालो होतो.

खिशात फोन वाजला.

"पापा, ग्यारह मिस्ड कॉल! कौन मर गया?"

मी स्कूटरकडे पळत सुटलो.

"हैलो? सुनो, मैं तालाब के पास खड़ी हूँ। आगे से खट-खट आ रहा था, ब्रेक मारा तो हैंडल काँप गया। आपने क्या लगाया है इसमें?"

तेलीबांध्याच्या तलावाकाठी ती रेनकोटात, हेल्मेट हातात घेऊन उभी होती. चिडलेली, धडधाकट. मी आधी गाडीकडे गेलो, कारण तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. वरचा बोल्ट नव्हता. खालचा बाहेर सरकत सरकत शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. मी तिथंच ओल्या फुटपाथवर बसलो.

लपवता आलं असतं. जुनी गाडी आहे, निघतात बोल्ट, असं म्हणता आलं असतं. पण मी सांगितलं. पाना, पूजा, फोटो, सगळं. तिनं फोनवर आपला ग्रुप उघडला. मग म्हणाली, "ग्रुप पे तो ओके लिखा था."

"हो."

"झूठ लिखा था."

"हो."

पलीकडच्या टपरीवजा गॅरेजातून तिनं मापाचा बोल्ट आणि पाना मागून आणला. मी उलट्या बाजूनं पाना फिरवायला लागलो. तिनं तो काढून घेतला आणि दोन्ही बोल्ट स्वतः कसले, नीट, अंगाचा जोर लावून. मग माझ्याकडे बघितलं. तिचेही ओठ पांढरे पडले होते हे मला तेव्हा दिसलं. "मम्मी को मत बताना," ती म्हणाली, "नहीं तो गाड़ी फिर प्याज के नीचे जाएगी."

कुंदा आता हे वाचेलच. वाच बाई. चूक तुझ्या पूजेची नव्हती, माझ्या फोटोची होती.

तन्वी रोज तीच गाडी नेते. निघण्याआधी सगळे बोल्ट स्वतः तपासते, माझ्यासमोर, मुद्दाम. ऑफिसात पोहोचली की एक अंगठा पाठवते. तो येईपर्यंत मी सिलतऱ्यात कुठल्याच मशीनजवळ जात नाही.

दादा, आई-बाबा होते तोवर फोनवर तुमसरचा नंबर अवेळी दिसला की मी उचलण्याआधी देवाचं नाव घ्यायचो. आता तुझा फोन मी निवांत उचलतो. फार तर तू गुडघ्याबद्दल बोलशील. राग मानू नकोस. सव्वीस वर्षं दर दिवाळीला मी म्हणत आलो की रिटायर झालो की तुमसरला परत येतो, आणि तू दर दिवाळीला माझ्यासाठी वरची खोली रंगवून ठेवतोस. या वर्षी रंगवू नकोस. पोरांना दे, नाहीतर धान भर तिच्यात. मला ज्याच्यासाठी भ्यायचं आहे ते आता सकाळी याच गल्लीतून बाहेर पडतं आणि संध्याकाळी याच गल्लीत परत येतं. ते इथं सोडून तुझ्या वरच्या खोलीत मला झोप लागणार नाही.

दिवाळीत पाहुणा म्हणून येईन, चार दिवस. गाडीवरच येऊ म्हणते पोरगी. ती चालवेल, मी मागं बसेन.