घरचा नंबर

डिंगोऱ्यात आमच्या मळ्याच्या बाजूला बिबट्यासाठी कॅमेरे बसवले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. याला काम म्हणतात, हे गावात अजून कुणी मान्य केलेलं नाही. कॅमेऱ्यांमुळे निदान लोकांना काहीतरी दाखवता आलं. माझ्या घरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र यायचं, आणि ज्याच्याकडे लिंक असेल त्याला ते फोनवर दिसायचं.

त्याचा खरा उपयोग केला तो माझ्या चुलतीनं. चुलते गेल्यापासून ती मळ्यात एकटीच राहते. एक गाय, एक कालवड, आणि घरापासून गोठ्यापर्यंत उसाला लागून जाणारी वाट. त्याच वाटेवरून बिबट्यानं तिचा कुत्रा उचलून नेला होता. तेव्हापासून पहाटे धार काढायला निघताना ती दाराच्या आत उभी राहून आधी फोनवर वाट बघायची आणि मगच कडी काढायची. तो फोन तिच्या मुलाचा जुना. मुलगा चाकणला कंपनीत आहे.

मग ती लिंक नको त्या हातात गेली. पाटावर धुणं धुणाऱ्या बायांची कुणीतरी रील केली, वर गाणं लावून. बायांनी पाटावर जाणंच सोडलं. देवळात बैठक बसली आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू रील मीच केली होती. मला राग आला, पण त्यांचं चुकत नव्हतं. कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमला स्वतःचं कुलूपच नव्हतं.

म्हणून त्याच्यापुढे मी एक रिव्हर्स प्रॉक्सी बसवली. नाव अवघड असलं तरी काम राखणदाराचं. बाहेरून येणाऱ्यानं आधी तिच्याशी बोलायचं. ओळख पटली तरच ती आत जाऊन चित्र आणून देणार. ती चालते एका कंटेनरमध्ये, म्हणजे तिला लागेल तेवढं सामान देऊन वेगळ्या खोलीत बसवल्यासारखी. ती बिघडली तरी बाकीच्या घराला धक्का नाही. कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमचं बाहेर उघडणारं जुनं दार मी बंद केलं, नाहीतर पुढे राखणदार आणि मागून सगळी जत्रा आत, असं झालं असतं.

पासवर्ड ठेवायचा नाही, हे बैठकीत ठरलं. पासवर्ड संध्याकाळपर्यंत चावडीवर पोचला असता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यापेक्षा घरटी एक फोन नंबर घ्यायचा आणि त्यावर रोज नवा कोड पाठवायचा.

आता आमच्याकडे घरचा नंबर म्हणजे घरात वाजणारा नंबर नव्हे. गॅसला, बँकेला, रेशनला जो दिलेला असतो तो, म्हणजे बाहेरगावी कमावणाऱ्या मुलाचा. लोकांनी सवयीनं तेच नंबर दिले आणि अर्ध्या गावाचे कोड चाकणला, भोसरीला जायला लागले. बहुतेकांनी पुढे येऊन नंबर बदलून घेतले, वर मलाच चार शब्द ऐकवले. चुलती आली नाही. ती रोज पहाटे मुलाला फोन करायची. तो कंपनीच्या बसची वाट बघत उभा असायचा, तिथूनच कोड वाचून दाखवायचा.

एक दिवस त्याचाच मला फोन आला. "दादा, माझा नंबर काढ राव तिथनं. रोज सकाळी रांगेत हुबं राहून आकडे वाचायचे म्हणजे लई डोक्याला ताप झालाय."

मलाही ते पटलं. चहा निवायच्या आत मी चुलतीचा नंबर टाकला आणि कंटेनर पुन्हा सुरू केला. तिला फोन करून सांगितलं, आता कोड तुझ्याच फोनवर येणार. ती बरं म्हणाली. मी खूश होतो.

पुढे एका संध्याकाळी कॅमेऱ्यावरचं कोळ्याचं जाळं काढायला मी मळ्यात गेलो. चुलतीनं चहा केला. कोड लगेच येतो ना, असं मी जरा ऐटीतच विचारलं. येतो म्हणाली. मग कप विसळता विसळता तिनं विचारलं, परत त्याचा नंबर टाकता येईल का?

मी वैतागलो. तुझ्याच सोयीसाठी केलंय, म्हटलं.

"त्याचा नंबर व्हता तवा रोज फोन व्हायचा," ती म्हणाली. "कोड सांगायचा, मग जेवलीस का इचारायचा, गाय किती देती इचारायचा. आता न्हाई व्हत."

मग तू आपणहून कर की, मी म्हटलं.

"केला व्हता. काय काम हाय, म्हणतो. मला काम सुचत न्हाई."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी लगेच काहीतरी करायला धावतो. तिथल्या तिथे मी त्याला फोन लावला. मळ्यात रेंज कमी असते, ओट्याच्या कडेवर आवाज नीट येतो, म्हणून फोन नेहमीसारखा तिथे ठेवून स्पीकर चालू केला. काकी म्हणते तुझाच नंबर परत टाक, एवढंच मी बोललो.

"आता कशाला परत ती कटकट?" तो म्हणाला. "आत्ता कुठं सुटलोय. कोड येतोय ना तिला? मग बघावं आन् जावं. माझं काय अडलंय त्यात?"

मी स्पीकर बंद करेपर्यंत त्याचं बोलून झालं होतं. ती ऐकत होती, हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही सांगता आलं नाही. त्यानं माझ्या आईची चौकशी केली आणि फोन ठेवला.

चुलतीनं कप पालथे घातले. अंधारून आलं होतं, संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती. तिनं बादली घेतली. तिचा फोन फळीवरच राहिला.

"काकी, आधी कॅमेरा बघ की," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि कडी काढून उसाच्या वाटेला लागली.